विद्या परक्याची, किल्ली आपली

२९ जून १९८५ रोजी सात मिराज-२००० विमाने फ्रान्सहून येऊन ग्वाल्हेरच्या महाराजपुरा हवाई तळावर दाखल झाली. २०२५ च्या जूनमध्ये त्या घटनेला चाळीस वर्षे पूर्ण झाली. गावात त्याची फारशी वाच्यता झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. लष्कर असो, मोरार असो की हजिरा, डोक्यावरून विमान गेले की बोलणे क्षणभर थांबवायचे आणि आवाज विरला की तेच वाक्य पुढे चालू करायचे, ही ग्वाल्हेरकरांची सवय आता दोन पिढ्यांची झाली आहे. सवयीच्या गोष्टीचा विचार करायचा राहून जातो. परदेशी विमान आणि परदेशी शिक्षण घेऊन उभ्या राहिलेल्या या हवाई दलाने चाळीस वर्षांत काय कमावले आणि काय कमवायचे राहिले, याचा हिशेब म्हणूनच या अंकात मांडावासा वाटतो.

मुळात काय घडले ते आधी सांगू. पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१६ विमाने मिळणार हे स्पष्ट झाल्यावर भारत सरकारने १९८२ साली फ्रान्सच्या दासो कंपनीकडे चाळीस मिराज विमानांची मागणी नोंदवली. त्यांत ३६ एक आसनी आणि ४ दोन आसनी होती. आपले निवडक वैमानिक आणि तंत्रज्ञ फ्रान्सला गेले, तेथील तळांवर शिकले आणि परत येऊन त्यांनी इतरांना शिकवले. ७ क्रमांकाची आणि १ क्रमांकाची अशा दोन स्क्वाड्रन ग्वाल्हेरला या विमानांवर उभ्या राहिल्या. पुढे आणखी विमाने घेण्यात आली आणि एकूण संख्या ५९ पर्यंत गेली. हवाई दलाने या विमानाचे नाव ठेवले ‘वज्र’.

या विषयावर समाजात दोन सूर ऐकू येतात. एक सूर म्हणतो, स्वातंत्र्याला इतकी वर्षे झाली तरी विमान फ्रान्सचे, इंजिन अमेरिकेचे, बॉम्ब इस्रायलचा. यात अभिमान तो कसला? दुसरा सूर म्हणतो, आपल्याकडे काही धड होत नाही, चांगले ते बाहेरून घ्यावे आणि मोकळे व्हावे. आमच्या मते दोन्ही सूर अर्धवट आहेत. परक्याकडून विद्या घेण्यात कमीपणा नाही. गुरू एक दिवस उठून जाणार हे विसरून ती घेण्यात मात्र धोका आहे, आणि हे समजून घ्यायला ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला दूर जायची गरज नाही. आपल्या मोहल्ल्यांची नावे वाचली तरी पुरे.

लष्कर हे नाव दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडले. जिन्सी म्हणजे तोफखाना. आणि कंपू म्हणजे कवायती फलटणींचा जथा. आज मराठीत ‘कंपू’ म्हटले की चार टाळक्यांचा गट डोळ्यांसमोर येतो. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द उच्चारला की उत्तर हिंदुस्थानातले राजेरजवाडे सावध होत. हे कंपू उभे केले महादजी शिंद्यांनी, आणि त्यांना शिकवले एका परक्याने. सावॉय प्रांतातून आलेल्या बन्वा द बॉयन्याला महादजींनी १७८४ साली नोकरीत घेतले. त्याने युरोपीय पद्धतीची कवायत शिकवली, पायदळाच्या फलटणी बांधल्या. आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना निघाला, तोही एका स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली. १७९० साली जूनमध्ये पाटण आणि सप्टेंबरमध्ये मेडता येथे या फलटणींनी राजपुतान्यातील मोठमोठ्या घोडदळांचा पाडाव केला. महादजींचा निर्णय चुकीचा होता असे कोणी म्हणू नये. गनिमी काव्याने दिल्लीचा कारभार राखता येणार नाही हे त्यांनी ओळखले होते, आणि जी विद्या आपल्याकडे नव्हती ती त्यांनी जिथे मिळाली तिथून घेतली.

पण त्या व्यवहारात काही गोष्टी अशा होत्या की त्यांची किंमत पुढच्या पिढीने मोजली. फलटणींच्या पगारासाठी दुआबातला मोठा मुलूख द बॉयन्याच्या हाती दिला होता. म्हणजे पैसाही त्याच्याच हातून जात होता. वरचे हुकमाचे अधिकारी जवळजवळ सगळे युरोपीय. इंग्रजांविरुद्ध लढावे लागणार नाही अशी अट द बॉयन्याने नोकरी धरतानाच घातली होती, असे त्याचे चरित्रकार सांगतात. जोवर महादजी होते तोवर या साऱ्यावर त्यांची नजर होती. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस ते गेले. पुढच्या दोन वर्षांत द बॉयन्यानेही हिंदुस्थान सोडला आणि कंपू पेराँ या फ्रेंच सरदाराकडे आले.

मग आले १८०३. लॉर्ड वेलस्लीने युद्ध पुकारतानाच जाहीरनामा काढला की शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रजांनी नोकरी सोडून यावे, त्यांच्या पोटापाण्याची सोय कंपनी करील. अधिकारी एकामागून एक निघाले. अलीगडच्या किल्ल्यावर ४ सप्टेंबरला हल्ला झाला तेव्हा इंग्रज तुकडीला दरवाजाची वाट दाखवणारा लुकन नावाचा अधिकारी काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांचाच पगार खात होता. खुद्द सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई हरली, २३ सप्टेंबरला दक्षिणेत असई. १ नोव्हेंबरला लासवारीच्या मैदानावर उरलेल्या फलटणी उभ्या ठाकल्या, तेव्हा त्यांच्यावरचे बहुतेक युरोपीय अधिकारी निघून गेलेले होते. त्या दिवशी आपले गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. समोरच्या सेनापतीने, जनरल लेकने, स्वतःच्या सरकारला लिहिताना त्यांच्या शौर्याची कबुली दिली.

लासवारीचा हा भाग नीट ध्यानात घ्यावा, अशी आमची विनंती आहे. शिपायाला विद्या आली होती. गोलंदाज उत्तम होता. तोफा इंग्रजांच्या तोफांना तोडीस तोड होत्या. कमी पडला तो हुकूम देणारा आपला माणूस. कारण वीस वर्षांत तो तयारच केला गेला नव्हता. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी अंजनगावच्या तहाने दिल्ली, आग्रा आणि दुआब गेला, आणि यापुढे कोणत्या परक्यांना नोकरीत ठेवायचे नाही हेसुद्धा कंपनीने आपल्याला लिहून दिले. चाळीस वर्षांनी, १८४३ च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनियार येथे पुन्हा पराभव झाल्यावर, १८४४ च्या तहाने शिंद्यांची फौज नऊ हजारांवर आणली गेली. शेजारी ‘ग्वाल्हेर कंटिंजंट’ वाढवण्यात आली. तिचा खर्च आपल्या मुलखाच्या वसुलीतून चाले आणि अधिकारी इंग्रज. ज्या घराण्याने कंपू उभे केले त्याच घराण्याला परक्याच्या हुकमातली फौज स्वतःच्या पैशाने पोसावी लागली. मोरारला तिचे ठाणे होते.

हा इतिहास झाला, आता त्याचे काय, असे कोणी म्हणेल. म्हणून अगदी अलीकडचे उदाहरण देतो. अमेरिकेने वीस वर्षे अफगाणिस्तानचे हवाई दल उभे केले. वैमानिक शिकवले, विमाने दिली, अमाप पैसा ओतला. अफगाण मेकॅनिकना रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टरची सवय होती. त्याची बरीचशी दुरुस्ती ते स्वतः करत. ती हळूहळू मागे सारून अमेरिकन ब्लॅक हॉक आणण्यात आली. या नव्या हेलिकॉप्टरची देखभाल जवळजवळ सर्वस्वी परदेशी कंत्राटदारांच्या हाती होती. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे अमेरिका आणि तालिबान यांच्यात करार झाला. त्यात सैनिकांबरोबर कंत्राटदारांनीही देश सोडायचा, असे ठरले. २०२१ च्या उन्हाळ्यात ते गेले आणि विमाने जमिनीवर बसू लागली. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले, तेव्हा अफगाण वैमानिक चाळीसहून अधिक विमाने आणि हेलिकॉप्टर घेऊन उझबेकिस्तानात निघून गेले. वैमानिकांना उडता येत होते. लासवारीच्या गोलंदाजालाही तोफ डागता येत होती.

या दोन उदाहरणांच्या कसोटीवर आपले महाराजपुरा घासून पाहू. आम्हाला वाटते, येथे बऱ्याच अंशी आपण बरे ठरलो, आणि त्याचे श्रेय मुद्दाम दिले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे हुकूम पहिल्या दिवसापासून आपला होता. फ्रेंचांनी शिकवले आणि ते बाजूला झाले. विमान कधी, कुठे आणि कशासाठी उडवायचे हे पॅरिसला विचारावे लागले नाही. दुसरी गोष्ट, शिकलेल्यांनी शिकवण्याची परंपरा निर्माण केली. हवाई युद्धाचे डावपेच तयार करणारी आणि निवडक वैमानिकांना ते शिकवणारी ‘टॅकडी’ ही आपली संस्था १९७१ साली सुरू झाली आणि पुढे ग्वाल्हेरला आली. ती आपल्याच लोकांनी आपल्याच अनुभवावर चालवलेली आहे. २००३ साली फ्रेंच हवाई दल ‘गरुड’ सरावासाठी ग्वाल्हेरला आले, ते गुरू म्हणून नव्हे, बरोबरीचे म्हणून. फेब्रुवारी २००४ मध्ये अलास्काहून अमेरिकेची एफ-१५ विमाने ‘कोप इंडिया’ सरावासाठी याच धावपट्टीवर उतरली. सरावाचे काही नियम अमेरिकनांना अडचणीचे होते हे खरे. तरीही भारतीय वैमानिकांची तयारी आपल्या अपेक्षेपेक्षा सरस निघाली, असे त्यांच्याच अधिकाऱ्यांनी उघड सांगितले. त्या सरावात सुखोई आणि मिराजबरोबर सुधारून घेतलेले जुने मिग-२१ ही होते. जुने यंत्र जाणत्या हाती काय करू शकते ते त्यातून दिसले.

तिसरी गोष्ट कारगिलची. १९९९ साली हवाई दलप्रमुख होते एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस. आपल्या माणसांपैकी हृषीकेश मुळगावकर त्यांच्या आधी, आणि प्रदीप नाईक व विवेक राम चौधरी त्यांच्या नंतर या पदावर बसले, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. हिमशिखरांवरील लहान लक्ष्ये नेमकी टिपायची तर लेझरने दिशा दिलेला बॉम्ब हवा होता. विमान फ्रेंच, लेझर पॉड इस्रायली, आणि मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेचे निर्बंध डोक्यावर. इस्रायलींची मदत घेऊन आपल्या तंत्रज्ञांनी अल्पावधीत ही जुळणी केली आणि २४ जून १९९९ रोजी मिराजने टायगर हिलवर नेमका मारा केला. मूळ विक्रेत्याने जे दिले त्यात भर घालून गरजेप्रमाणे बदल करण्याइतकी विद्या आपल्या हाती मुरली होती, म्हणूनच हे जमले. वीस वर्षांनी, २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटकडे गेलेली मिराजही ग्वाल्हेरहूनच उडाली होती.

निर्बंधांचा विषय निघालाच आहे तर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोखरणनंतर आपल्या स्वदेशी लढाऊ विमानाच्या, म्हणजे आजच्या तेजसच्या, उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांना परत पाठवण्यात आले आणि सामान तिकडेच अडकले. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टर सुट्या भागांवाचून खोळंबली. वेलस्लीच्या जाहीरनाम्याचा हा आधुनिक अवतार होता: माणसे काढून घ्या, सामान अडवा, लढायची वेळच येणार नाही. फरक इतकाच की या वेळी आपले लोक बंगळूरला बसून काम पुरे करू शकले, आणि ४ जानेवारी २००१ रोजी ते विमान उडाले.

आता जमाखर्चाची उधारीची बाजू. आम्ही पेशाने बँकेतले. लघुउद्योगासाठी कोणी यंत्राचे कर्ज मागायला आला की किमतीइतकाच महत्त्वाचा एक प्रश्न विचारावा लागतो: यंत्र बंद पडले तर दुरुस्त कोण करणार? ज्याच्याकडे याचे उत्तर नसते त्याचे खाते बुडीत जाण्याची भीती असते. देशाच्या संरक्षण खरेदीला हाच प्रश्न लागू आहे. २०११ साली ५१ मिराज विमानांच्या अद्ययावतीकरणाचा करार फ्रेंच कंपन्यांशी झाला. खर्च दहा हजार कोटी रुपयांच्या वर. त्यापाठोपाठ २०१२ मध्ये नव्या क्षेपणास्त्रांचा वेगळा करार. पहिली काही विमाने फ्रान्समध्ये आणि बाकीची बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये सुधारायची, असे ठरले. फ्रान्समधील मिराजचे उत्पादन तोवर केव्हाच थांबले होते, म्हणून २०२१ साली सुट्या भागांसाठी फ्रान्सकडून वापरलेली जुनी मिराज विकत घेण्याची पाळी आली. विमान एकदा विकत घेतले की पुढची चाळीस वर्षे विक्रेत्याचा हात आपल्या खिशात असतो, तो असा.

आणि आपला हात आपोआप कुशल होतो असेही नाही. १ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरला अद्ययावत केलेले मिराज चाचणीच्या वेळी कोसळले आणि दोन तरुण वैमानिक गेले. २८ जानेवारी २०२३ रोजी ग्वाल्हेरहून सरावासाठी निघालेली सुखोई आणि मिराज विमाने अपघातात सापडली. मिराजचे अवशेष आपल्या शेजारच्या मोरेना जिल्ह्यात पडले आणि त्याच्या वैमानिकाने प्राण गमावले. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी शिवपुरी जिल्ह्यात दोन आसनी मिराज पडले. सुदैवाने दोघेही वाचले. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात आणि ती ठरवण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु स्वदेशीचा झेंडा लावला म्हणजे तपासणी ढिली चालेल, असे कोणी समजू नये.

उलट बाजूने, मदत घ्यायला उशीर केला तर काय होते, तेही या देशाने पाहिले आहे. शिकाऊ वैमानिकाला साध्या विमानावरून एकदम मिग-२१ सारख्या वेगवान विमानावर बसवू नये, मध्ये एक प्रगत प्रशिक्षण विमान हवे, ही मागणी १९८० च्या दशकापासून होती. फाइल फिरत राहिली. १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडला मिग-२१ अपघातात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी गप्प न बसता मिगच्या अपघातांचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न देशापुढे मांडला. एका मराठी मातेने हे बोलण्याचे धैर्य दाखवले, याची नोंद आपण ठेवली पाहिजे. ब्रिटनशी ६६ हॉक विमानांचा करार झाला तो २००४ मध्ये. आपले शिकाऊ वैमानिक तोवर ब्रिटनच्या तळावर शिकायला पाठवले गेले, आणि २००८ साली ही विमाने बिदरला रुजू झाली. सुमारे वीस वर्षांच्या त्या खोळंब्याची किंमत फाइल अडवणाऱ्यांनी मोजली नाही. परक्याकडून विद्या घ्यायची असेल तर ती वेळेवर घ्यावी, हा धडाही तितकाच मोठा आहे.

आज परिस्थिती कशी आहे? २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला शेवटचे मिग-२१ निवृत्त झाले. मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी हाती २९ उरल्या, अशा बातम्या त्या वेळी आल्या. हे मिग एकेकाळी ज्या नाशिकजवळच्या ओझरला बनत, त्याच ओझरला आज बरेच काही घडते आहे. रशियाकडून घेतलेले सुखोई तेथे जुळवले गेले, आणि ब्रह्मोससारखे जड क्षेपणास्त्र वाहून नेण्यासाठी त्यात आवश्यक ते बदलही तेथेच झाले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी सुखोईवरून ब्रह्मोस यशस्वीपणे सोडले गेले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकच्या कारखान्यातून पहिले तेजस मार्क-१ए उडाले. मराठी मातीतल्या कारखान्याची ही गोष्ट ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशीच आहे.

मात्र त्या तेजसचे इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे. २०२१ च्या फेब्रुवारीत ८३ विमानांचा करार झाला, ऑगस्टमध्ये ९९ इंजिनांची मागणी नोंदवली गेली आणि पहिले इंजिन हाती आले मार्च २०२५ मध्ये. आपल्या कारखान्याचे दोषही आहेतच, पण इंजिनावाचून विमान कसे देणार? आपले स्वतःचे ‘कावेरी’ इंजिन १९८९ साली मंजूर झाले होते. ते अपेक्षित जोर देऊ शकले नाही आणि २००८ मध्ये तेजसपासून वेगळे करण्यात आले. म्हणजे धड आपले, पण हृदय अजून परक्याच्या मर्जीवर. १८०३ आणि २०२१ या दोन्ही वर्षांची आठवण ठेवून हे वाक्य पुन्हा वाचावे.

आपण आता शिकवणाऱ्यांच्या रांगेतही बसलो आहोत. १९५९ साली घानाचे हवाई दल उभे राहिले तेव्हा भारतीय अधिकारी तेथे होते. २००८ पासून मलेशियाला त्यांच्या सुखोईंवर आपल्या हवाई दलाच्या पथकाने शिकवले. सिंगापूरचे हवाई दल २००७ च्या करारानुसार बंगालमधील कलाईकुंडा तळावर सराव करते. अफगाणिस्तानला आपणही हेलिकॉप्टर दिली होती. आपण गुरू झालो तर शिष्याला स्वतःच्या पायावर उभे करणारे गुरू व्हावे. मेकॅनिक आधी तयार करावा आणि मग यंत्र द्यावे. आपल्याला जे सोसावे लागले ते दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये, एवढे तरी आपण करू शकतो.

हे सारे समाजाच्या पत्रकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. निवडणूक आली की या शहरात महाराजपुऱ्याची विमाने भाषणांत उडतात. कोणी बालाकोटचे श्रेय घेतो, कोणी राफेलच्या किमतीवर बोलतो, आणि टाळ्या पडल्या की विषय संपतो. आम्ही कोणत्या पक्षाला मत द्यावे हे सांगत नाही. ते प्रत्येकाने ठरवावे. पण जो उमेदवार हवाई दलाचे नाव घेऊन आपल्या दारात येईल त्याला वाड्याच्या ओसरीवर बसवून, चहा देऊन, तीन प्रश्न जरूर विचारावेत. नव्या विमानाच्या करारात किती वर्षांत देखभाल आणि मोठी दुरुस्ती देशात होईल, आणि न झाल्यास काय? शिकाऊ वैमानिकांसाठी पुरेशी विमाने आणि पुरेसे शिक्षक आहेत का? स्वतःच्या इंजिनासाठी पैसा दर वर्षी न चुकता मिळतो का, की घोषणा झाली की फाइल पुन्हा फिरू लागते? संसदेत हे प्रश्न विचारण्याचा अधिकार खासदाराला आहे; ते त्याने विचारावेत असा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्याला आहे.

दुसरी विनंती घरच्यांना. आपल्या जुन्या घरांत मुलगा वैमानिक झाला तर पेढे वाटतात. हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून गेला तर ‘टेक्निकलला लागला’ एवढेच सांगून विषय बदलतात. ही दृष्टी बदलली पाहिजे. विमान वैमानिक उडवतो, पण उडण्याजोगे ठेवतो तो जमिनीवरचा तंत्रज्ञ. काबूलला वैमानिक होते, मेकॅनिक कंत्राटदारासोबत निघून गेला होता. ग्वाल्हेरला १९५७ सालापासून माधव इन्स्टिट्यूटसारखी तंत्रशिक्षणाची संस्था आहे, आयटीआय आहेत, आणि हवाई तळ तर शहराला लागूनच आहे. आपल्या हुशार मुलामुलींपैकी काहींनी इंजिन, धातू आणि एव्हियॉनिक्स या विषयांकडे वळावे. पुणे, बंगळूर किंवा परदेशात संगणकावर बसणे वाईट नाही. पण देशाच्या इंजिनाचे काम करणारा ग्वाल्हेरचा एखादा मराठी मुलगा किंवा मुलगी असली, तर समाजाने तिचा सत्कार वैमानिकाइतक्याच थाटाने करावा.

महादजींचे नाव आपण अभिमानाने घेतो आणि घ्यावेच. ज्यांनी परक्याची विद्या ओळखली, मागितली आणि तिच्या जोरावर दिल्लीवर वचक बसवला, त्यांचे आपण वारस म्हणवतो. त्यांच्या मागून आलेल्यांच्या हातून जे राहिले ते पुरे करणे हेही वारसदाराचेच काम आहे. महाराजपुऱ्याच्या धावपट्टीवर मिराजच्या जागी पुढे कोणते विमान येईल ते सरकार ठरवील. ते कुठलेही असो, त्याची किल्ली, त्याची दुरुस्ती आणि त्याचे इंजिन आपल्या माणसांच्या हाती कधी येणार, याची तारीख आपण आजपासूनच विचारायला लागावे.